लाल औषध, टूडी एको आणि बंद जिल्हे

साथींच्या इतिहासावर बोलताना एक प्रश्न हमखास येतो, आणि मागच्या खेपेला तो एका वयस्क श्रोत्यांनी फार नेमका विचारला. करोनाने जे गेले त्यांची मोजदाद झाली, बरी झाली की वाईट झाली तो भाग वेगळा. पण करोनाच्या दिवसांत ज्यांची दुसरी दुखणी मागे पडली त्यांचा इतिहास कोण सांगणार? आज त्यातला एक छोटा कोपरा आम्ही घेणार आहोत. कॅन्सरचे रुग्ण, आणि त्यांचं हृदय. आम्ही डॉक्टर नाही, इतिहासाचे विद्यार्थी आहोत. तेव्हा हे ऐकून कुणी घरी गोळ्या बदलू नयेत. (हशा)

या गोष्टीची सुरुवात साथीपासून करता येत नाही. ती इटलीतल्या एका किल्ल्यापासून करावी लागते. दक्षिणेला अपुलिया नावाचा प्रांत आहे. तिथे कास्तेल देल मोन्ते हा तेराव्या शतकातला अष्टकोनी किल्ला आहे. एक सेंटच्या इटालियन नाण्यावर त्याचं चित्र असतं, म्हणजे त्यांच्याकडे त्याला मान आपल्या रायगडासारखा नसला तरी बरा आहे. या किल्ल्याच्या परिसरातली माती मिलानच्या फार्मितालिया या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. त्या काळी जगभरच्या कंपन्या देशोदेशीची माती गोळा करत होत्या, कारण मातीतल्या सूक्ष्म जीवांतूनच अँटिबायोटिकं निघत होती. या मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जीव सापडला, आणि तो लालभडक रंग सोडत होता. त्या रंगातून एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉनोरुबिसिन हे औषध निघालं. फ्रान्समधल्या संशोधकांनाही त्याच सुमारास तेच द्रव्य मिळालं होतं, म्हणून नावात दोन्ही घरची वाटणी झाली: त्या भागातल्या डौनी या प्राचीन जमातीचं नाव, आणि माणकाचा फ्रेंच शब्द. पुढे त्याच जिवाच्या बदललेल्या वाणापासून डॉक्सोरुबिसिन आलं. त्याचं व्यापारी नाव अ‍ॅड्रियामायसिन, एड्रियाटिक समुद्रावरून. आपल्याकडे वॉर्डात मात्र हे नाव कुणी घेत नाही. तिथे ते ‘लाल औषध’. ज्यांच्या घरात कुणी घेतलं असेल त्यांना रंग आठवत असेल.

औषध कामाचं होतं, आजही आहे. रक्ताचा कॅन्सर, स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, हाडांचा कॅन्सर, अशा कित्येक आजारांत त्याने माणसं जगवली. पण १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी डॉनोरुबिसिन दिलेल्या मुलांबद्दल लिहिलं, त्यात हृदय निकामी झालेली मुलं होती. १९७३ मध्ये ३९९ रुग्णांच्या नोंदी तपासून लेफ्राक आणि सहकाऱ्यांनी एक मर्यादा सुचवली: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे आयुष्यभरात एकूण ५५० मिलिग्रॅम, त्यापुढे जाऊ नका. १९७९ मध्ये फॉन हॉफ यांच्या गटाने सुमारे चार हजार रुग्णांच्या नोंदी काढल्या, २.२ टक्के रुग्णांना हार्ट फेल्युअर झालेलं होतं. आकडा लहान वाटतो. पण तो फक्त उघड, डॉक्टरला डोळ्यांना दिसणाऱ्या हार्ट फेल्युअरचा होता, आणि डोस वाढला की तो झपाट्याने चढत होता.

खरी अडचण वेळेची होती. १९९१ मध्ये बोस्टनच्या लिपशुल्ट्झ यांनी रक्ताच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या ११५ मुलांची हृदयं तपासली. उपचार संपून एक ते पंधरा वर्षं झालेली होती. निम्म्याहून अधिक मुलांच्या हृदयात काही ना काही बिघाड निघाला. म्हणजे आईबापांनी ‘सुटलो एकदाचे’ म्हणून ज्या मुलांचे वाढदिवस केले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या छातीत हिशेब अजून चालूच होता. असं का होतं, याची उत्तरं बदलत गेली. आधी सगळा दोष लोह आणि ऑक्सिजनच्या घातक कणांवर होता. २०१२ मध्ये हृदयाच्या पेशीतलं टोपोआयसोमरेज दोन-बीटा हे विकर मुख्य आरोपी ठरलं. तो वाद शास्त्रज्ञांवर सोडू.

पुढचा टप्पा ट्रॅस्टुझुमॅबचा. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे औषध एका विशिष्ट प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये फार गुणकारी. पण २००१ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा दिसलं, की लाल औषधाच्या कुळातलं औषध आणि ट्रॅस्टुझुमॅब एकत्र दिलं तर २७ टक्के स्त्रियांच्या हृदयावर परिणाम होतो. ट्रॅस्टुझुमॅब नसेल तर तोच आकडा ८. तेव्हापासून ही दोन औषधं शक्यतो एकामागून एक देतात, आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी टूडी एको करतात. आपल्याकडे सगळे विचारतात तोच प्रश्न: पंपिंग किती टक्के? साठ असेल तर घरात चहा होतो. पन्नासच्या खाली आलं की डॉक्टर गप्प होतात.

हा दर तीन महिन्यांचा एको लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्या एका तारखेभोवती आहे.

आता पुन्हा मिलान. योगायोग असा, की लाल औषध ज्या शहरात तयार झालं, त्याच शहरात त्याच्यापासून हृदय कसं वाचवायचं याचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास झाला. उंबेर्तो वेरोनेसी यांनी उभ्या केलेल्या तिथल्या युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीमध्ये दानिएला कार्दिनाले या हृदयरोगतज्ज्ञ बाई काम करत होत्या. एकोवर बिघाड दिसण्याच्या कितीतरी आधी रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं, हे त्यांच्या गटाने दाखवलं. २००६ मध्ये त्यांनी, जड केमोनंतर ज्यांचं ट्रोपोनिन वाढलं होतं असे ११४ रुग्ण घेतले. निम्म्यांना एनालाप्रिल ही रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी दिली. गोळी न घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के रुग्णांचं पंपिंग वर्षभरात लक्षणीय घसरलं. गोळी घेणाऱ्यांत एकाचंही नाही.

आणि २०१० चा अभ्यास आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. लाल औषधाच्या कुळामुळे हृदय कमजोर झालेले २०१ रुग्ण. प्रश्न एकच: केमो संपल्यापासून किती दिवसांत हृदयाचे उपचार सुरू झाले? दोन महिन्यांच्या आत सुरू झालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचं हृदय पूर्ववत झालं. जसजसा उशीर, तसतसा आकडा खाली. सहा महिन्यांनंतर सुरू केलेल्यांत पूर्ण बरं झालेला एकही नाही. म्हणजे इथे एक खिडकी आहे, आणि ती बंद होते. २०२० च्या मार्चमध्ये मिलानपासून मुंबईपर्यंत ज्यांच्या फायलीत ‘पुढचा एको एप्रिलमध्ये’ असं लिहिलेलं होतं, त्यांची ही खिडकी होती.

मिलानपासून पन्नास-साठ किलोमीटरवर कोदोन्यो हे छोटं गाव. २०२० च्या २० फेब्रुवारीच्या रात्री तिथल्या रुग्णालयात एका तरुण माणसाची करोना चाचणी पॉझिटिव्ह आली आणि लोंबार्दी प्रांताचं आयुष्य बदललं. ८ मार्चला प्रांत बंद, लगोलग सगळा देश बंद. कॅन्सरच्या रुग्णांबद्दल तोवर चीनमधून एकच बातमी आली होती: १५९० करोना रुग्णांत १८ जण कॅन्सरचे, आणि त्यातल्या ३९ टक्क्यांची प्रकृती गंभीर झाली, इतरांत हे प्रमाण ८ टक्के. अठराच माणसं! एवढ्यावर जगभर धोरणं ठरली. आज नावं ठेवणं सोपं आहे, त्या दिवसांत हातात दुसरं काही नव्हतं.

उत्तर इटलीत मग एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. हृदयाचे रुग्णच येईनात. पंधरा रुग्णालयांची मोजणी झाली: आधी दिवसाला सरासरी १८ जण हार्ट अटॅक किंवा त्याच्या जवळच्या त्रासाने दाखल होत, साथीत १३.३. अटॅक कमी झाले होते का? लोदी, क्रेमोना, पाविया आणि मांतोवा या चार जिल्ह्यांतला दुसरा आकडा पाहा. २१ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडल्याच्या घटना २०१९ मध्ये २२९ होत्या, २०२० मध्ये ३६२. त्यात करोनाचेही रुग्ण होते, हे खरं. पण घरी बसलेल्या दुखण्याची कल्पना यावी.

लोंबार्दीने व्यवस्था बदलली. हार्ट अटॅकचे रुग्ण मोजक्या केंद्रांकडे वळवले. कॅन्सरसाठी वेगळी केंद्रं नेमली, त्यात वेरोनेसींची संस्था होती. शस्त्रक्रियांसाठी ही वाटणी चांगली चालली. पण हृदयाची नजर ठेवायची म्हणजे एको, आणि एको हा साथीच्या दृष्टीने वाईट प्रकार आहे. रुग्ण डाव्या कुशीवर, तंत्रज्ञ हातभर अंतरावर, अंधारी खोली, वीस-तीस मिनिटं. मार्चच्या अखेरीस अमेरिकेतल्या एकोतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, की ज्याच्याने उपचार लगेच बदलणार नाही तो एको पुढे ढकला. मग कॅन्सरचा एको तातडीचा की ढकलण्यासारखा? रुग्णाला त्रास काही नाही, तपासणी तर त्रास व्हायच्या आधीच करायची असते. नियमाच्या भाषेत ती ‘रुटीन’ ठरली. आमच्या मते या एका शब्दाने बरंच नुकसान केलं. तज्ज्ञ मंडळींनी पुढच्या महिन्यांत वाटा सुचवल्या: धोका कमी असेल तर अंतर वाढवा, एको छोटा करा, ट्रोपोनिनसारखी रक्ततपासणी वापरा, फोनवर विचारपूस करा. ट्रॅस्टुझुमॅब वर्षाऐवजी सहा महिने दिलं तर चालतं का, यावर ब्रिटनमधली चार हजारांहून अधिक स्त्रियांची चाचणी २०१९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. हृदयामुळे औषध सोडावं लागण्याचं प्रमाण तिथे ८ टक्क्यांवरून ३ वर आलं होतं. ज्या अभ्यासावर तज्ज्ञ एरवी आणखी पाच वर्षं वाद घालत बसले असते, तो साथीत कामाला आला.

आणि त्याच मार्चमध्ये एनालाप्रिलवर किटाळ आलं. करोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-दोन नावाच्या कडीतून. रक्तदाबाच्या या गोळ्यांनी ती कडी वाढते, म्हणजे करोना बळावतो, अशी शंका एका नावाजलेल्या नियतकालिकातल्या पत्रात आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं सत्य झालं. युरोपच्या तज्ज्ञांनी १३ मार्चलाच सांगितलं, गोळ्या बंद करू नका. पुरावा यायला सप्टेंबर उजाडला: ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर चाचणी झाली आणि गोळी चालू ठेवणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. मधल्या साडेपाच महिन्यांत किती जणांनी आपल्या मनाने गोळी सोडली, याची नोंद कुठल्या वहीत असणार?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं प्रकरण उलट्या दिशेचं. तिथे लोक नको ते घेत होते. २२ मार्चला आपल्या आयसीएमआरने आरोग्यसेवकांसाठी आणि रुग्णांच्या घरातल्यांसाठी त्याची शिफारस केली, आणि मेडिकलच्या दुकानांत झुंबड उडाली. चार दिवसांत सरकारला विक्रीवर निर्बंध आणावे लागले. या गोळीने हृदयाच्या विद्युत चक्रातला एक काळ, ज्याला ईसीजीत क्यूटी म्हणतात, तो लांबतो. सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं तर आणखी. केमोच्या रुग्णाला उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन देतात, त्यानेही तो लांबतो. रक्ताच्या कॅन्सरवरच्या आर्सेनिक आणि निलोटिनिबनेही. चौघांनी एकाच दोरीला ओढायचं म्हटल्यावर काय होणार! जूनच्या मध्यावर अमेरिकेने त्या गोळीची तातडीची परवानगी काढून घेतली.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या टाटा मेमोरियलचं दार १९४१ पासून उघडं आहे आणि साथीतही ते बंद झालं नाही. पण दार उघडं असून उपयोग काय, रस्ता बंद असताना. परळच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेणारी माणसं नांदेडची, जळगावची, थेट बिहार-बंगालची. २२ मार्चच्या रात्रीपासून लोकल थांबली, २५ पासून देश थांबला. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या ४१ रुग्णालयांनी नंतर आपले मार्च ते मे हे तीन महिने मोजले. २०१९ मध्ये १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले होते, २०२० मध्ये ५१,७६०. फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी घटल्या, बाह्यरुग्ण केमो ३७ टक्क्यांनी, रेडिऑलॉजीच्या तपासण्या ४३ टक्क्यांनी. मोठ्या शहरांतली घट लहान गावांपेक्षा जास्त, कारण मोठ्या शहरांत दुरून माणसं येतात. अभ्यास फार प्रामाणिक आहे. मात्र कॅन्सर रुग्णांचे किती एको चुकले, हा आकडा त्यातून निघत नाही. तेव्हा आमच्याकडे त्याचा एकच दाखला आहे, आणि तो घरचा आहे.

आमची मावशी कराडची. २०१९ च्या दिवाळीनंतर स्तनाचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या एका रुग्णालयात लाल औषधाच्या चार सायकल झाल्या, मग ट्रॅस्टुझुमॅब सुरू. मार्चमध्ये एको चांगला होता. पुढची तारीख जूनची. औषधाला तिला ई-पासवर नेत होतो, जिल्ह्याच्या हद्दीवर फाईल दाखवायची आणि पुढे जायचं. जूनमध्ये एकोच्या खोलीबाहेर सांगितलं, सध्या फक्त इमर्जन्सी, पुढच्या महिन्यात या. औषध मात्र दिलं. आम्हीही हुज्जत घातली नाही, कारण तिथून लवकर बाहेर पडणं हेच त्या दिवसांत शहाणपण वाटत होतं.

जुलैत तिला धाप लागायला लागली. धाप म्हणजे करोना, याखेरीज कुणाच्या डोक्यात काही येत नव्हतं. आमच्याही नाही. स्वॅब दिला, ती मागच्या खोलीत, ताट दाराशी. दोन दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि सगळं घर निवांत झालं. ‘देव पावला,’ म्हणून आम्ही फोनाफोनी केली. मावशीच म्हणाली, “अरे, पण मला आडवं होता येत नाही रे. तीन उशा घेऊन बसून झोपते मी.” पायावर सूज होती. पैंजणासारखा मोज्याचा वण उठायचा, तो तिने आठवडाभर आधीच पाहिला होता. सगळे घाबरतील म्हणून बोलली नव्हती. एको केला. पंपिंग ३८.

चार दिवस दाखल राहावं लागलं. ट्रॅस्टुझुमॅब थांबलं ते थांबलंच, डॉक्टरांनी पुन्हा सुरू केलं नाही. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यात एक एनालाप्रिल होती, आणि ती हातात घेऊन मावशीने विचारलं, “ही तीच ना, करोना वाढवते ती?” व्हॉट्सअ‍ॅप कराडलाही पोचलेलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ई-पास उठला, त्यानंतरच्या एकोत पंपिंग ४५ आणि डिसेंबरमध्ये ५०. जूनचा एको झाला असता तर काय दिसलं असतं, हा प्रश्न आम्ही तिच्यासमोर काढत नाही.

शेवटी लसीची यादी. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यादीइतका जिवंत कागद दुसरा नाही. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना, आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस सुरू झाली. सहव्याधी वीस ठरवल्या होत्या आणि डॉक्टरच्या सहीचं प्रमाणपत्र लागायचं. यादीत कॅन्सर होता, पण १ जुलै २०२० नंतर निदान झालेला, किंवा उपचार चालू असलेला. हृदयाचं पंपिंग होतं, पण ४० च्या खालचं. गेल्या वर्षभरात दाखल व्हावं लागलेलं हार्ट फेल्युअर होतं. ज्याने कुणी ही यादी केली त्याला लस कमी आणि माणसं जास्त हे गणित सोडवायचं होतं, त्याला बोल लावत नाही. पण लहानपणी लाल औषध घेऊन जगलेली, आता पंचविशी-तिशीत असलेली मुलं आठवा, ती लिपशुल्ट्झ यांच्या अभ्यासातल्यासारखी. त्यांचं वय ४५ च्या आत. हृदय कसंही असलं तरी त्यांची पाळी १ मेपर्यंत आली नाही, आणि एप्रिल २०२१ कसा होता हे इथे कुणाला सांगायला नको.

मावशी तेव्हा ५३ वर्षांची. कॅन्सरचं निदान तारखेच्या आधीचं, उपचार बंद, पंपिंग ५०. तिन्ही चाळण्यांतून ती गळत होती. आम्ही घरातली सगळी कपाटं उपसली आणि जुलैचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढलं. चार दिवस दाखल, कारण हार्ट फेल्युअर, खाली सही-शिक्का. ते दाखवून प्रमाणपत्र मिळालं आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिला पहिला डोस मिळाला. त्या कार्डाची झेरॉक्स आज आम्ही सोबत आणली आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावं; नाव आम्ही झाकलेलं आहे.